खाद्याची गोणी आणि कागदाचं तळं

[दृश्य: सकाळचे नऊ. काळ्या प्लास्टिक कागदाचं शेततळं, काठावर मासळीच्या खाद्याची उघडी गोणी.]

३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल. २०१६ साली आलेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं हे मोठ्यात मोठं माप. पाणी बागेसाठी साठवलेलं. रोहू, कटला, मृगळ हा जोडधंदा.

मातीच्या तळ्यात शेण पडलं की पाणी हिरवट होतं, त्यातल्या प्लवंगावर, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म जीवांवर, मासा बराचसा फुकटात वाढतो. कागदावर माती नाही, म्हणून पाणी नितळ. दिसायला छान, पण माशाला उपाशी ठेवणारं. इथला मासा गोणीवरच जगतो.

गोणी लांबून येते. आंध्रातून निघालेला ट्रक मोठ्या गिऱ्हाइकाकडे भरून जातो. दहा गोण्या घेणाऱ्याला दुकानदाराचा नफा आणि भाडं दोन्ही पडतं. चार-पाच तळेवाल्यांनी मिळून मागवलं तरच भाडं विभागतं. शिवाय गोणीतल्या खाद्याचं प्रथिन मुख्यतः सोयापेंडीचं. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या आसपास गेलं, १२ लाख टन पेंड आयात करायला केंद्राने परवानगी दिली. पीक तेव्हा शेतात उभं होतं. चढा भाव सोयाबीनवाल्याला मिळाला नाही, पेंडीची महागाई मात्र तळ्यापर्यंत आली.

[दृश्य: घमेल्यात भिजवलेला कोंडा आणि शेंगदाणा पेंड.]

मग घरचं मिश्रण: भाताचा कोंडा आणि पेंड, निम्मं-निम्मं, रात्रभर भिजवून. समजा ते ३० रुपये किलो पडलं आणि गोणीतली तरंगती गोळी ४५ रुपये. मिश्रण स्वस्त वाटतं. पण किलोभर मासा वाढायला ते तीन किलो लागलं, तर खर्च ९०. गोळी दीड किलोत काम करते, म्हणजे साडेसदुसष्ट. मात्र गोळी वाऱ्याने कोपऱ्यात साचू दिली आणि सव्वादोन किलो लागली, की शंभरी पार. खरा भाव गोणीवर छापलेला नसतो, फेकणाऱ्या हातात असतो.

मिश्रण घालायचंच तर उधळू नका. घट्ट गोळे करून तबकात ठेवा, तबक दोरीने पाण्यात सोडा, दोन तासांनी वर ओढा. उरलं असेल तर उद्या तेवढं कमी.

[दृश्य: पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, फेकला जातो, बादलीत मासे, वर काटा.]

दर महिन्याला पाग टाकून वीस-पंचवीस मासे तोला. ४५० मासे, सरासरी २०० ग्रॅम, म्हणजे तळ्यात ९० किलो. वजनाच्या ३ टक्क्यांनी खाद्य दिवसाला २ किलो ७०० ग्रॅम, दोन वेळांत. वजन न करता ‘रोजचं डबडं’ टाकणाऱ्याचं इथेच चुकतं: लहानपणी जास्त, मोठेपणी कमी. गोळी पंधरा-वीस मिनिटांत संपली पाहिजे. मृगळ तळाला चरतो, वर गर्दी दिसली नाही म्हणून घाबरू नका.

कागदाच्या तळ्यातही पाणी थोडं हिरवट व्हावं म्हणून शेण पाण्यात कालवून थोडंथोडं सोडा. कोपरापर्यंत हात बुडवा: तळवा तिथे दिसेनासा झाला तर पाणी बरोबर. त्याआधीच दिसेनासा झाला, तर शेण बंद.

गोणी फळीवर, भिंतीपासून सुटी ठेवा. बुरशी धरलेली पेंड काहीजण उन्हात वाळवून वापरतात. पण तिच्यातलं विष उन्हाने जात नाही, माशाचं यकृत बिघडतं.

[दृश्य: ढगाळ पहाट. मासे पृष्ठभागावर तोंड उघडून.]

हे भुकेचं लक्षण नाही, प्राणवायू कमी पडलाय. आज खाद्य टाकलं तर उरलेलं कुजून तोही खाईल. पंप लावून पाणी फवाऱ्याने परत तळ्यातच पाडा. ऊन पडून मासे खाली जाईपर्यंत गोणी बांधलेलीच राहू द्या.