ड्रम कोर : पुढच्या उन्हाळ्यात कोण वाजवणार?

(दृश्य : शाळेचं जिम. लाकडी जमिनीवर ओळीनं पसरलेल्या स्लीपिंग बॅगा.)

बास्केटबॉलच्या रिंगखाली एका अमेरिकी वाद्यपथकातली दीडशेच्या आसपास पोरं झोपली आहेत. कालचा प्रयोग दुसऱ्या राज्यात झाला. रात्रभर बस चालली आणि पहाटे इथं येऊन थांबली. आता दिवे लागतील. मग दात घासायचे, बाटलीत पाणी भरायचं, उन्हाचं मलम फासायचं आणि मैदान गाठायचं. जूनच्या शेवटापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत यांचा दिनक्रम हाच.

(दृश्य : पार्किंगमध्ये उभा स्वयंपाकाचा ट्रेलर. मोठ्या पातेल्यात अंडी.)

ट्रेलरमधली माणसं पगारी नाहीत. कुणाची आई, कुणाचे आजोबा, कुणी पूर्वी याच पथकात वाजवलेलं. दिवसाला चार जेवणं, शेवटचं रात्री प्रयोग संपल्यावर. सुट्टी टाकून आलेली ही माणसं कांदा चिरायला उभी राहिली नाहीत, तर पथक पुढच्या गावाला पोचत नाही. अमेरिकेतलं ज्युनिअर ड्रम कोर आजवर असंच चाललं आहे.

(दृश्य : मैदान. वरून घेतलेलं चित्र. माणसांच्या रांगा वळतात, तुटतात, पुन्हा जुळतात.)

ड्रम कोर म्हणजे तरुणांचं फिरतं वाद्यपथक. त्यात पितळी वाद्यं असतात, ढोल असतात आणि झेंडे-रायफली फिरवणारा कलर गार्ड असतो. पुण्याच्या ढोल-ताशा पथकात ध्वज नाचवणाऱ्यांचा जो मान, तोच इथं गार्डचा. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी यांना आजही प्रवेश नाही. वयाची बावीस वर्षं पूर्ण झाली की ज्युनिअर पथकाचा दरवाजा बंद होतो. दहा-बारा मिनिटांचा एकच प्रयोग सबंध उन्हाळाभर घासूनपुसून लख्ख करायचा, हे यांचं काम.

(दृश्य : गळ्यात दोरीनं लटकवलेली छोटी वही. पानावर आकडे आणि ठिपके.)

ही वही नीट पाहा. हिला म्हणतात डॉट बुक. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांना एक पांढरी रेघ असते. दोन रेघांमध्ये आठ पावलं टाकायची, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. कितव्या ठोक्याला कुठल्या रेघेपासून किती पावलांवर उभं राहायचं, ते प्रत्येकाच्या वहीत लिहिलेलं असतं. एका प्रयोगात अशा डझनावारी जागा. सुरुवातीला पोरं वही बघत चालतात. महिन्याभरात वही बाजूला पडते आणि पायांनाच ठाऊक असतं.

(दृश्य : पाच बास ड्रम. प्रत्येकाचा आकार वेगळा. जवळून हात.)

आणि हे पाच जण. गळ्यात पाच आकारांचे पाच ड्रम. एकच झरझर जाणारी लय पाचांमध्ये वाटलेली आहे. पहिल्याचा ठोका, लगेच तिसऱ्याचा, मग पाचव्याचा, परत दुसऱ्याचा. प्रत्येकाच्या वाट्याला येतात ते सुटे ठोके. एकट्याचं ऐकलं तर काही उमगत नाही. एक ठोका गळला, की मात्र सगळ्या मैदानाला कळतं. मधल्या ड्रमवरची मुलगी डोळे मिटून ओठांनी मोजते आहे. तिच्या बोटांना पांढरी टेप गुंडाळलेली आहे, आणि टेपखाली काल फुटलेले फोड.

(निवेदन थांबतं. फक्त ड्रम. वीस सेकंद.)

(दृश्य : कृष्णधवल चित्रफीत. गणवेशातली मुलं, रस्त्यावरचं संचलन.)

मुळात ही सगळी गल्ली-मोहल्ल्याची गोष्ट. पहिल्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी, अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू यांनी, बिगुल आणि ढोलांची पथकं उभी केली. मग चर्चनी केली, बॉय स्काउटच्या तुकड्यांनी केली. न्यू जर्सीतल्या गारफील्ड गावात १९३४ साली होली नेम चर्चच्या आश्रयानं कॅडेट्स सुरू झालं. १९४० मध्ये बॉस्टन क्रूसेडर्स. १९४८ मध्ये इलिनॉयमधलं कॅव्हलिअर्स, तेही स्काउटच्या तुकडीतून. पोरं शेजारपाजारची असत. सरावाला चालत येत.

बिगुलाला आधी व्हॉल्व्ह, म्हणजे सूर बदलायची कळ, नव्हतीच. मग एक आली, मग दोन, पुढं तीन. जी पट्टीचीच वाद्यं हवीत ही अट २००० साली गेली. २००४ पासून मायक्रोफोनला परवानगी मिळाली, २००९ पासून सिंथेसायझरला. प्रत्येक वेळी जुन्या लोकांनी कपाळाला हात लावला, आणि प्रत्येक वेळी पोरांनी त्या नव्या सोयीतून कुणी न ऐकलेलं काहीतरी काढून दाखवलं. परीक्षणही बदललं. पूर्वी परीक्षक मैदानात शिरून, ढोलवाल्यासमोर वाकून कान लावायचे आणि चुकीगणिक एक दशांश गुण कापायचे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत बंद झाली. चुका मोजणं थांबलं, धाडसाला गुण मिळू लागले. आज मैदानावर पळतापळता ट्रम्पेट वाजवणारी पोरं दिसतात ती या बदलामुळे.

(दृश्य : रंग उडालेले जुने फोटो. १९७२, व्हाइटवॉटर, विस्कॉन्सिन.)

१९७१ मध्ये काही पथकप्रमुखांनी ठरवलं, की आपल्या स्पर्धा आपणच चालवायच्या. त्यातून ड्रम कोर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, उभं राहिलं. पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये व्हाइटवॉटरला झाली आणि कॅलिफोर्नियाचं अनाहाइम किंग्जमेन जिंकलं. त्या पहिल्या विजेत्याचं पथक आज स्पर्धेत नाही. त्या काळी जी लहानमोठी पथकं गावोगाव होती, त्यांतली बहुतेक उरलेली नाहीत. उरली ती मोठी झाली. कॅलिफोर्नियातल्या कॉन्कर्डच्या ब्लू डेव्हिल्सनं तर २०२३ पर्यंत २१ वेळा विजेतेपद मिळवलं.

(दृश्य : रात्री महामार्गावर एकामागोमाग बस आणि ट्रक.)

या ताफ्याकडे पाहा. माणसांच्या बस, वाद्यांचे ट्रक, स्वयंपाकाचा ट्रेलर. डिझेल, विमा, चालक, शाळांचं भाडं. वरच्या गटातल्या पथकात एक उन्हाळा काढायला मुलाला काही हजार डॉलर भरावे लागतात. नामांकित पथकांत पाच हजारांच्या पुढे. त्यात उन्हाळ्यातली नोकरीही बुडते. म्हणजे पहाटेपर्यंत बसमध्ये पेंगणारी ही पोरं पैसे मिळवत नाहीत, भरतात.

२०२० चा मोसम महामारीत रद्द झाला. २०२३ मध्ये पैशांअभावी सँटा क्लारा व्हॅनगार्ड घरी बसलं. पुढच्या वर्षी परतलं. आणि २०२४ च्या सुरुवातीला कॅडेट्स कायमचं बंद झालं. दहा विजेतेपदं, नव्वदीच्या उंबरठ्यावरचं पथक. १९८० च्या दशकातल्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांवरून झालेला दावा आणि त्याचा आर्थिक बोजा, हे त्यामागचं कारण. मुलांच्या सुरक्षेचे नियम आता कडक झाले आहेत, आणि ते व्हायलाच हवे होते.

(दृश्य : इंडियानापोलिस, लुकास ऑइल स्टेडियम. बोगद्यातून मैदानाकडे.)

२००९ पासून अंतिम फेरी इथं होते. ऑगस्ट २०२५. बॉस्टन क्रूसेडर्स मैदानात उतरलं तेव्हा पथकाला ८५ वर्षं झाली होती, आणि डीसीआयचं विजेतेपद एकदाही मिळालेलं नव्हतं. त्या रात्री मिळालं.

(निवेदन थांबतं. प्रेक्षकांतले पांढऱ्या केसांचे माजी वादक, गुण जाहीर होतानाचे चेहरे.)

वरच्या गटाची आम्हाला एवढी काळजी नाही. चांगलं वाजवणाऱ्या मुलांची तिथं रांग असते. खरी चिंता त्याच्या खालच्या पायऱ्यांची आहे, आणि या फिल्मचा जीव तिथंच आहे.

(दृश्य : शनिवार सकाळ. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या एका गावातलं मोकळं पार्किंग. तीसेक मुलं.)

इथं ट्रकांची रांग नाही. एक व्हॅन आहे आणि प्लास्टिकच्या डब्यात संत्र्याच्या फोडी आहेत. दहाबारा वर्षांची ही मुलगी मेलोफोन नावाचं पितळी वाद्य धरून उभी आहे. वाद्य तिच्या धडाइतकं. ‘कोपर वर,’ शिकवणारा म्हणतो. कोपर वर जातं. ‘आता श्वास. चार मोजून आत, चार मोजून बाहेर.’ पहिला सूर फाटतो. दुसराही फाटतो. तिसरा लागतो आणि ती एकदम मागे वळून मैत्रिणीकडे बघते. शिकवणारा स्वतः एकेकाळी मोठ्या पथकात होता. आता आठवडाभर नोकरी करतो आणि शनिवार-रविवार इथं येतो.

ब्लू डेव्हिल्सनं हे फार पूर्वीच ओळखलं. त्यांच्या घरात तीन पथकं आहेत : ए, बी आणि सी. ‘सी’ मध्ये अगदी लहान मुलं. वर्षानुवर्षं बिंगोच्या, म्हणजे आपल्याकडच्या हाउजीसारख्या, खेळांतून उभा केलेला पैसा त्यामागे आहे. लहान पोर खालच्या पथकात ढोल धरायला शिकतं, आणि टिकलं तर पायरी पायरीनं वर येतं. हे प्रत्येकाला जमणारं नाही, कारण बिंगो सगळीकडे चालत नाही. पण शिडी अशीच लागते. न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआचं स्पार्टन्स १९५५ साली सुरू झालं आणि खालच्या म्हणजे ओपन क्लासच्या गटातही टिकलं, आपलं गाव न सोडता.

(दृश्य : वेगवेगळ्या वयाचे वादक. मुलगी आणि तिचे वडील एकाच रांगेत.)

२०२४ पासून डीसीआयमध्ये ‘ऑल-एज’ असा गट आला. वयाची वरची मर्यादा नाही. ही पथकं पूर्वीपासून वेगळ्या संघटनेत होती आणि त्यांची रीतही वेगळी होती : सराव शनिवार-रविवारी, स्पर्धा जवळपासच्या, सोमवारी ज्याचं काम त्याला. आमचा अंदाज असा, की येत्या दहा वर्षांत ज्युनिअर पथकंही या रीतीकडे वळतील. पूर्ण उन्हाळाभर देश पालथा घालणारी पथकं थोडी उरतील. बाकीची आपल्या दोन-तीन राज्यांत फिरतील, मोसम आखूड करतील, रात्रीचे प्रवास कमी करतील. उन्हाचा तडाखा वाढतो आहे, दुपारचे सराव सावलीत आणि छताखाली न्यावे लागतील. छताखालचा मार्ग तयार आहेच. हिवाळ्यात जिममध्ये वाजवणाऱ्या तालवाद्य पथकांच्या स्पर्धा डब्ल्यूजीआय (विंटर गार्ड इंटरनॅशनल) ही संघटना १९९० च्या दशकापासून घेते आहे, आणि कितीतरी मुलांना ढोलाची पहिली चटक तिथंच लागते.

काही जुन्या मंडळींना हे ऐकून वाईट वाटतं. रात्रीच्या बसशिवाय ड्रम कोर कसलं, असं ते म्हणतात. त्यांचा जिव्हाळा खरा आहे. त्या बसनं त्यांना घडवलं. पण गारफील्डची पोरं सरावाला चालत यायची, तेव्हाही ते ड्रम कोरच होतं.

आमची आशा साधी आहे. प्रत्येक मोठ्या पथकानं एक लहान पथक दत्तक घ्यावं. जुने ढोल, जुनी पितळी वाद्यं गोदामात ठेवू नयेत, शेजारच्या शाळेला द्यावीत. शुल्काचा आकडा ऐकून आईबापांनी विषय बदलावा, असं एकाही गावात होऊ नये.

(दृश्य : त्याच पार्किंगमध्ये मुलं वाद्यं व्हॅनमध्ये ठेवताहेत. पडद्यावर पुढच्या मोसमाचं वेळापत्रक.)

पुढच्या मोसमाच्या चाचण्या हिवाळ्याच्या तोंडाशी सुरू होतात. ढोल आणि पितळी वाद्यं बहुतेक पथकं स्वतःच देतात. मुलांनी बूट आणायचे, पाण्याची मोठी बाटली आणायची. लहान पथकांत आधी वाजवता यायलाच हवं, असंही नाही.