मोर गाळला की काय उरतं

[रात्र. यंत्रमागाचा कारखाना, जवळून.]
सोलापूरचा पूर्व भाग. रात्रपाळी. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं. चादरीवर मोर उमटतोय, पण मागावरच्या माणसाची नजर मोरावर नाही. ती तुटणाऱ्या धाग्यावर आहे.

[वरची खोली. लॅपटॉप.]
त्याची मुलगी एमएस्सीला आहे. तीही एक धागाच शोधतेय.

[पडद्यावर रंगीत तेजोमेघ.]
एनजीसी 6543, म्हणजे मांजराचा डोळा. म्हाताऱ्या ताऱ्यानं टाकून दिलेली वायूची कात. नाव ग्रहीय तेजोमेघ. ग्रहाशी नातं काडीचं नाही. खगोलशास्त्रज्ञ हर्शेलला दुर्बिणीत ग्रहासारखी चकती दिसली आणि नाव चिकटलं. मधोमध उरलेला तारा अजून सेकंदाला हजार किलोमीटरहून जास्त वेगानं वारा, म्हणजे वायूचा झोत, सोडतोय. 1978 साली अवकाशात गेलेल्या आययूई दुर्बिणीनं तो अतिनील प्रकाशात टिपला. रेडिओ लहरींत मात्र पंचाईत: तेजोमेघच एवढा झगझगतो की आतला वारा झाकला जातो.

[खोडद. ड्रोन.]
नारायणगावजवळची जीएमआरटी, रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ताणलेल्या जाळीतून आभाळ आरपार दिसतं, बघा. पण इथल्या कमी वारंवारतेला दाट तेजोमेघ धुक्यासारखा आड येतो. म्हणून त्या मुलीनं वापरलेली नोंद अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीची. तिथं आमचा कॅमेरा गेला नाही; ती गेली, इंटरनेटवरून. तिथल्या नोंदींचा संग्रह खुला आहे, पैसा लागत नाही. हे सोलापुरात किती जणांना ठाऊक आहे?

[पडद्यावर आलेख.]
व्हीएलएच्या 27 तबकड्या, म्हणजे दोन-दोनच्या 351 जोड्या. जवळजवळच्या जोड्यांना पसरलेला तेजोमेघ दिसतो, लांबलांबच्यांना बारीक ठिपका. ती जवळच्या जोड्या गाळत जाते. मोर पुसला जातो.
उरलेला ठिपका वाऱ्याचाच कशावरून? रेडिओ वारंवारता 5 गिगाहर्ट्झवरून 15 वर नेली की वारा जवळपास दुप्पट तेजस्वी व्हायला हवा. तेजोमेघ या वारंवारतांना धुक्यासारखा दाट राहत नाही; तो उलट किंचित फिकटतो.

तिच्या नोंदीत गोंगाटाच्या वर डोकं काढणारं काही मिळालं नाही. तसं लिहून प्रकल्प जमा झाला.

[कारखाना. माग थांबलेला. जिन्यावरून हाक: “नाना, जेवायला!” नाना तुटलेला धागा सांधतायत. निवेदन नाही.]