थरथरणारी रेघ

(दृश्य: लाइट बॉक्सची काच, खालून उजेड, वर कागद. पेन्सिलीचा आवाज.)

हा चौदावा कागद. आधीचे तेरा बाजूला रचून ठेवलेत, अजून दहा काढायचेत. चोवीस झाले की पडद्यावर एक मुलगी मान वळवून बघेल. दोन सेकंद.

आमच्या अॅनिमेटर मैत्रिणीनं हे काम आमच्यासाठी मुद्दाम हातात घेतलं. कारण १९८५ सालच्या 'टेक ऑन मी' या गाण्याच्या व्हिडिओत काय काय ओतलंय, ते नुसतं बोलून कळत नव्हतं.

(दृश्य: कॅफेतली मुलगी, हातात कॉमिक.)

लंडनमधलं एक साधं कॅफे. मुलगी एकटीच बसलीय, कॉमिक वाचतेय. कॉमिकमध्ये साइडकार लावलेल्या मोटरसायकलींची शर्यत चाललीय. शर्यत जिंकलेला नायक पानातूनच तिच्याकडे बघून डोळा मिचकावतो. आणि मग पानातून एक हात वर येतो.

इथे थांबूया. हा हात नीट बघा. टेबल खरं आहे, मुलगी खरी आहे, हात मात्र पेन्सिलीचा. त्याच्या कडा एका जागी राहत नाहीत. बोटांवरची छाया प्रत्येक क्षणी नव्यानं ओढलेली दिसते. मुलगी तो हात धरते आणि पानात जाते.

गाणं 'टेक ऑन मी'. बँड नॉर्वेचा, नाव 'आ-हा'. तिघं जण: मॉर्टेन हार्केट, मॅग्ने फुरुहोल्मेन आणि पॉल वाक्तार. दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन. मायकेल जॅक्सनच्या 'बिली जीन'चा व्हिडिओ करणारा तोच.

हे गाणं त्याआधी एकदा येऊन गेलं होतं. १९८४ मध्ये. तेव्हाच्या व्हिडिओत निळ्या पडद्यासमोर बँड गात होता, एवढंच. नॉर्वेबाहेर त्याला फारसं कुणी विचारलं नाही. मग अॅलन टार्नी या निर्मात्याबरोबर गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित झालं, आणि वॉर्नर ब्रदर्स या रेकॉर्ड कंपनीतल्या जेफ एरॉफनं ठरवलं की चित्रसुद्धा नवं हवं. मायकेल पॅटरसन नावाच्या एका तरुणाची विद्यार्थिदशेतली छोटी अॅनिमेशन फिल्म होती, 'कम्यूटर' नावाची. पेन्सिलीची, खरडल्यासारख्या रेघांची, सतत हलणारी. ती रेघ हवी होती.

नव्या व्हिडिओची चित्रं काढली पॅटरसन आणि कँडेस रेकिंजर यांनी. ही दोन नावं लक्षात ठेवा. आमच्या या फिल्ममध्ये ती पुन्हा येणार आहेत.

(दृश्य: फोनवरचं चित्रीकरण, मग छापलेल्या फ्रेम टेबलावर पसरलेल्या.)

आता रीत बघा. आधी खऱ्या माणसाचं चित्रीकरण करायचं. सिनेमाची फीत सेकंदाला २४ चौकटी पळते. त्यातली एकेक चौकट थांबवायची, तिच्यावर कागद ठेवायचा आणि माणूस गिरवायचा. पुढची चौकट, पुढचा कागद. कागद जागचे हलू नयेत म्हणून वरच्या कडेला भोकं पाडून ते पेग बारच्या खुंट्यांवर बसवतात. एक चौकट सोडून एक गिरवली, तर सेकंदाला १२ चित्रं. आम्ही तसंच केलं.

या रीतीला रोटोस्कोप म्हणतात. ती १९८५ ची नव्हे, मॅक्स फ्लायशर या अमेरिकी अॅनिमेटरनं शोधलेली, १९१७ चं पेटंट. त्याचा भाऊ डेव्ह विदूषकाचा पोशाख घालून कॅमेऱ्यासमोर बागडला आणि मॅक्सनं तो चौकटीमागून चौकट गिरवला. त्यातून कोको हा विदूषक जन्मला.

(दृश्य: सातवा आणि आठवा कागद, एकावर एक.)

हे दोन कागद एकमेकांवर ठेवूया. मुलीच्या हनुवटीची रेघ सातव्या कागदावर जिथे आहे, तिथे आठव्यावर नाही. केसभर सरकलीय. मुलगी तेवढी हललेली नव्हती, हात हलला. माणसाचा हात तीच रेघ दोनदा ओढू शकत नाही. हे कागद सलग पळवले की रेघ थरथरते. अॅनिमेशनवाल्यांच्या बोलीत ती 'बॉइल' होते, उकळते. मोठ्या स्टुडिओंमध्ये हा दोष समजून पुसून टाकतात, रेघ साफ करणारे वेगळे लोकच असतात तिथे. 'टेक ऑन मी'मध्ये ती उकळी मुद्दाम ठेवली. म्हणून चित्रातला नायक नुसता उभा असला तरी श्वास घेतल्यासारखा वाटतो.

आणि आता ही चौकट बघा, आमच्या मते सगळ्या व्हिडिओतली सर्वांत देखणी. मध्ये आरशासारखी एक चौकट उभी आहे. अलीकडे पेन्सिल, पलीकडे हाडामांसाचा माणूस. दोघं तिच्याभोवती फिरतात. तो चित्र असतो तेव्हा ती माणूस, ती चित्र झाली की तो माणूस. इथे छायाचित्रण आणि रेखाटन एकमेकांना इतकं नेमकं जुळलंय की सांधा सापडत नाही. आम्ही ही जागा चौकट चौकट पुढे नेत पाहिली. सापडत नाही.

सुमारे ३,००० चौकटी. १६ आठवडे. रविवारची सुट्टीही धरली नाही तरी दिवसाला २६-२७ चित्रं, दोघांत वाटली तर प्रत्येकी तेरा-चौदा. आमच्या मैत्रिणीला चोवीस कागदांना दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं बोटांना तेल लावलं. ते आम्ही चित्रित केलंय.

(दृश्य: तिचे हात.)

त्याच वर्षी स्टीव्ह बॅरननं आणखी एक व्हिडिओ केला. 'डायर स्ट्रेट्स' या ब्रिटिश बँडचा 'मनी फॉर नथिंग'. गायक मार्क नॉफ्लरला व्हिडिओ हा प्रकारच पसंत नव्हता. त्याचं मन वळवायला बॅरन बुडापेस्टला गेला होता. या व्हिडिओतले हमाल बघा, फ्रिज आणि टीव्ही उचलणारे. चेहरे खोक्यांचे, हात खोक्यांचे. बॉश कंपनीच्या संगणक-चित्रांच्या यंत्रावर इयन पिअरसन आणि गॅव्हिन ब्लेअर यांनी ते घडवले. संगणकाला तेव्हा गोलाई अवघड होती, म्हणून माणसं ठोकळ्यांची. मेहनत त्यातही कमी नव्हती, हे मान्य करायलाच हवं. पण ती रेघ थरथरत नाही. एकाच दिग्दर्शकानं एकाच वर्षात पेन्सिलही वापरली आणि संगणकही, आणि आज चाळीस वर्षांनी दोन्ही शेजारी शेजारी लावले तर कुठला जुना दिसतो, ते या पडद्यावर तुम्हीच बघा.

सप्टेंबर १९८६ च्या एमटीव्ही पुरस्कारांत 'टेक ऑन मी'ला सहा पुरस्कार मिळाले. वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओचा मान मात्र 'मनी फॉर नथिंग'ला. त्याआधी ऑक्टोबर १९८५ मध्ये 'टेक ऑन मी' गाण्यांच्या लोकप्रियतेच्या अमेरिकी बिलबोर्ड यादीत पहिलं आलं होतं. पुढच्या काही वर्षांत संगणक आला आणि लाइट बॉक्स मागे पडले.

आपल्याकडे एमटीव्ही आलं १९९१ मध्ये, स्टारच्या डिशमधून, केबलवाल्याच्या वायरीनं. तोवर हे गाणं सहा वर्षांचं झालं होतं. त्याआधी ते आलं ते कुणाच्या तरी परदेशातल्या मामाबरोबर, व्हीएचएस कॅसेटवर.

(दृश्य: जुन्या टीव्हीवर व्हिडिओ. खालच्या कोपऱ्यातली पट्टी.)

या कोपऱ्यात बघा. गायकाचं नाव, गाण्याचं नाव, अल्बम, कंपनी. एमटीव्हीच्या या पट्टीत १९९२ पर्यंत दिग्दर्शकाचंही नाव नसे. चित्रं काढणाऱ्यांचं तर नंतरही आलं नाही. आज फोनवर हा व्हिडिओ लावा, तो तसाच सुरू होतो आणि तसाच संपतो. पॅटरसन आणि रेकिंजर यांनी पुढे गायिका पॉला अब्दुलला कार्टूनच्या बोक्याबरोबर नाचवलं, 'अपोझिट्स अट्रॅक्ट'मध्ये. तो नाच लाखोंनी पाहिला, बोक्याचं नावही लोकांच्या तोंडी बसलं, या दोघांचं मात्र नाही. म्हणून आम्ही इथे, आमच्या पडद्यावर, मोठ्या अक्षरात लिहितोय.

(पडद्यावर हातानं लिहिलेली अक्षरं: मायकेल पॅटरसन. कँडेस रेकिंजर.)

२०१९ मध्ये मूळ ३५ मिलिमीटरच्या फितीवरून हा व्हिडिओ ४के मध्ये नव्यानं काढला. फीत जपून ठेवलेली होती म्हणून हे जमलं. फेब्रुवारी २०२० मध्ये यूट्यूबवर त्यानं एक अब्ज वेळा पाहिलं जाण्याचा आकडा ओलांडला. ४के प्रतीत कागदाचा पोत दिसतो. पेन्सिल कुठे दाबलीय, कुठे घाईनं आडवी फिरवलीय, तेही दिसतं. व्हीएचएसवर ते कुणालाच दिसलं नव्हतं.

शेवटचा प्रसंग. वेट्रेसला वाटतं, पोरगी पैसे न देता पळाली. ती कॉमिक चुरगळून कचऱ्यात टाकते. पानातून बाहेर आलेली मुलगी ते उचलून घरी पळते, पान हातानं सपाट करते. तिच्या घराच्या बोळात नायक भिंतींवर आदळतोय. एकदा या भिंतीवर, एकदा त्या. प्रत्येक धडकेला थोडी पेन्सिल गळते, थोडा माणूस येतो, पुन्हा पेन्सिल.

(दृश्य: तोच प्रसंग, मूळ आवाजासह. मग काळोख. मग लाइट बॉक्स.)

चोविसावा कागद झाला. आता ती गठ्ठा उचलतेय. अंगठा कडेवर ठेवतेय.

(निवेदन थांबतं. कागदांची फडफड. मुलगी मान वळवते.)