ब्रेक नसलेल्या गाडीवरची नोकरी

श्रोते हो, नमस्कार.

आज ज्या माणसाविषयी बोलणार आहे, त्यानं ब्रेक नसलेली मोटरसायकल चालवून पोट भरलं, आणि चांगलं भरलं. आयव्हन मेजर. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचा, जन्म १९३९चा. खेळ स्पीडवे.

आधी गाडी समजून घेऊ. पाचशे सीसीचं एकच सिलिंडर, टाकीत पेट्रोल नाही, मिथेनॉल, म्हणजे एक प्रकारचं अल्कोहोल. गियर एक. भुरभुरीत मातीचा लंबगोल ट्रॅक, चार स्वार, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे. मिनिटाभरात खेळ खलास! वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, हँडल उलट उजवीकडे वळवायचं आणि डावा पाय जमिनीवर घासत न्यायचा. त्या बुटाला खालून पोलादी तळ चढवलेला असतो. आपल्याकडे असं चाक घसरलं तर पुढचा मुक्काम हाडांच्या डॉक्टरकडे.

पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला भोपळा. क्लबकडून मिळणारा पैसा बराचसा या गुणांवरच. इंजिन स्वतःचं, दुरुस्तीही स्वतःच्या खिशातून. म्हणजे पडलात, तर त्या रात्रीची कमाई बुडालीच, वर खर्च आला.

मेजर १९५७ मध्ये, अजून अठराचाही नसताना, लंडनच्या विम्बल्डन क्लबात दाखल झाला. त्याच्याच गावचा रॉनी मूर तेव्हा एकदा जगज्जेता झालेला होता. याचा मात्र जम बसेना. परत गेला, आणि १९६३ मध्ये न्यूकॅसलच्या संघाकडून पुन्हा आला. या खेपेला त्यानं खेळाकडे धंदा म्हणून पाहिलं. इंजिनाची जुळणी, कपडे, प्रवास, हिशेब, सगळं चोख. आणि सुरुवात! रेषेवर आडव्या ताणलेल्या फिती झटकन वर उडतात. त्या क्षणी क्लच सोडायचा. जरा लवकर सोडला तर फितीत अडकून बाद, जरा उशीर झाला तर पुढच्या तिघांच्या चाकांची माती तोंडावर. मेजरची खरी कमाई इथली. काही प्रेक्षकांना तो रुक्ष वाटायचा, कारण मागून येऊन थरार करण्याची वेळ तो स्वतःवर येऊच द्यायचा नाही.

१९६८, ६९ आणि ७०, सलग तीन जगज्जेतेपदं. दोन अमेरिकन चाहत्यांनी त्याच्या गाडीला चक्क सोन्याचा मुलामा चढवून दिला. ती गाडी जावा होती. हो, आपल्याकडे म्हैसूरला जिच्या भावंडांचं उत्पादन व्हायचं, तीच चेक कंपनी.

तेव्हा जगज्जेतेपद एका रात्रीत ठरायचं. सोळा स्वार, प्रत्येकाला पाच शर्यती. १९७२ ची वेम्बलीची रात्र घ्या. डेन्मार्कचा ओले ओल्सन न्यूकॅसलला मेजरच्याच हाताखाली शिकलेला, आणि आदल्या वर्षी जगज्जेता. त्यानं चार शर्यती जिंकल्या, पण एकीत पडला. गुण १२. मेजर आणि स्वीडनचा बर्न्ट पर्सन यांचे १३-१३. जादा शर्यत झाली, मेजरनं जिंकली. चार विजय मिळवूनही ओल्सन तिसरा!

पुढे १९७७ मध्ये पाचवं जगज्जेतेपद. आणि मग १९७९, पोलंडमधलं खोजूफ. वय ३९. घरच्या गर्दीचा लाडका झेनॉन प्लेख १३ गुणांवर थांबला, मेजरचे १४. सहावं जगज्जेतेपद. २०१८ मध्ये तो गेला.

या सहाची बरोबरी स्वीडनच्या टोनी रिकार्डसननं २००५ मध्ये केली आणि पोलंडच्या बार्तोश झ्मार्झलिकनं २०२५ मध्ये. रिकार्डसनचं १९९४चं पहिलं पद सोडलं, तर त्यांच्या काळात वर्षभर वेगवेगळ्या गावी स्पर्धा होऊन गुणांची बेरीज होते. एक रात्र वाईट गेली तरी भरून काढता येते, पण सातत्य महिनोन्महिने टिकवावं लागतं. मोठा कोण, यावर वाद घालणारे घालोत. मला विचाराल तर मी मेजरच्या बाजूनं. झ्मार्झलिकचं सहावं पद पक्कं झालं डेन्मार्कमधल्या व्हॉयन्सच्या ट्रॅकवर, आणि तो ट्रॅक उभा केला होता ओले ओल्सननं.

नमस्कार.