मिरीचा हंगाम, वाऱ्याचा हंगाम

श्रोतेहो, नमस्कार. मार्केट यार्डात मिरी घेताना जाणकार गिऱ्हाईक मूठभर दाणे तळहातावर चोळून बघतो. दाणा जड लागतो का, हाताला भुगा चिकटतो का, एखादा दाणा दाताखाली कडकन फुटतो का, एवढं त्याला पुरतं. माल नीट वाळलाय की नाही, हे त्यात कळतं. अरबी समुद्राच्या काठची बंदरं का भरभराटली, हे समजून घ्यायचं तर सुरुवात या वाळवणापासूनच करावी लागते.

घोसातले एक-दोन दाणे लाल झाले की मिरी तोडतात, दाणे मोकळे करतात आणि चार ते सहा दिवस उन्हात वाळवतात. 100 किलो हिरव्या मिरीची साधारण 33 किलो काळी मिरी होते. वाळवण्याआधी मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवली तर रंग एकसारखा काळा येतो. ओलावा 12 टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते. कोवळी तोडली तर दाणा पोकळ निघतो आणि पाण्यावर तरंगतो. म्हणूनच ‘पाण्यावर तरंगेल ती पपईच्या बियांची भेसळ’ या घरगुती परीक्षेवर फार विसंबू नये.

आता वाऱ्याकडे वळू. रोमन काळात जहाजं इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघत आणि नैर्ऋत्य वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडत. अरबस्तानच्या टोकापासून मलबारच्या मुझिरिस बंदरापर्यंत 40 दिवस लागतात, असं प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय. परतीचा वारा डिसेंबरात. गंमत अशी, की मलबारच्या सखल भागात मिरीची तोडणीही याच सुमाराची, नोव्हेंबर ते जानेवारी. नव्या मालाची वाट बघत बसलं तर वारा हुकणार आणि अख्खं वर्ष जाणार. मग जहाज भरायचं तर आदल्या हंगामाचा माल हाताशी हवा, आणि तो मलबारच्या धो-धो पावसातून कोरडा राखलेला हवा. त्यासाठी वखारी आल्या, राखणदार आले, शेतकऱ्याला आगाऊ पैसे देणारे सावकार आले. वाऱ्यासाठी खोळंबलेल्या परदेशी व्यापाऱ्यांनी वस्त्या केल्या, प्रार्थनास्थळं बांधली. माझ्या मते बंदराचं शहर मालापेक्षा या खोळंब्याने घडवलं.

इजिप्तच्या बेरेनिके बंदरात उत्खननात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो मिरी सापडली. अशा मालावर रोमन सरकार 25 टक्के जकात घेई, म्हणजे चक्क चौथाई!

आपला पुणे जिल्हाही या व्यापारापासून दूर नव्हता. कल्याण, सोपारा या बंदरांचा माल नाणेघाटातून जुन्नरकडे चढायचा. घाटमाथ्यावर सातवाहनांचा शिलालेख आहे, आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजणही.

1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला, तोही आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीहून घेतलेल्या वाटाड्याच्या भरवशावर. समुद्रवाट जुनीच होती. पोर्तुगीजांनी नवीन आणली ती तोफ आणि परवाना, ज्याला ते कार्ताझ म्हणत. तो नसलेलं जहाज जप्त व्हायचं. 1510 मध्ये गोवा, 1511 मध्ये मलाक्का, 1515 मध्ये होर्मुझ घेऊन त्यांनी समुद्रवाटांची नाकी बांधली. आपल्या चौलला त्यांची वखार आणि कोट 1521 पासूनचा.

डच त्याहून कठोर निघाले. जायफळ तेव्हा फक्त आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर पिकायचं. 1621 मध्ये त्यांनी तिथल्या लोकांची कत्तल केली, उरलेल्यांना हाकललं किंवा गुलाम केलं, आणि बागा आपल्या माणसांना वाटून दिल्या. बी बाहेर रुजू नये म्हणून जायफळ चुन्यात बुडवून पाठवत. त्यातलं रन नावाचं चिमुकलं बेट इंग्रजांनी 1667 च्या तहात सोडलं आणि आज न्यूयॉर्क शहरात असलेलं मॅनहॅटन इंग्रजांकडे राहिलं. त्या काळी डचांना हा सौदा फायद्याचाच वाटला असणार.

पण चुना लावून झाड किती दिवस कोंडणार? 1770 मध्ये पिएर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याच्या खटपटीने लवंग-जायफळाची रोपं चोरून मॉरिशसला पोचली. पुढे एकोणिसाव्या शतकात ओमानच्या सुलतानाने झांझिबारमध्ये लवंगेच्या बागा वाढवल्या, त्याही गुलामांच्या मजुरीवर. आणि विसाव्या शतकात लवंगेचं माहेर असलेल्या इंडोनेशियाला आपल्या लवंगी सिगारेटींसाठी झांझिबारहून लवंग विकत आणावी लागली.

नमस्कार.