कपडा वाळायचा कधी? कोकणातल्या शाळकरी मुलामुलींच्या पेहरावाचे वर्ष

उपस्थित पालक, शिक्षक आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

तेरा ते अठरा या वयातली मुले काय घालतात यावर आपल्याकडे जेव्हा चर्चा होते, तेव्हा ती बहुधा मापांची होते. जीन्स फार घट्ट आहे, टी-शर्ट ढगळ आहे, टॉप आखूड आहे, अशा तक्रारी असतात, आणि थोड्याफार फरकाने त्या दर पिढीत ऐकू येतात. मी वस्त्रशास्त्र शिकवत आले आणि माझे आयुष्य याच किनारपट्टीवर गेले, त्यामुळे कपडा पाहताना माझी नजर आधी धाग्याकडे जाते, मग शिलाईकडे. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. अशा मुलखात मुलाचा कपडा शोभतो की नाही याच्या आधी तो उद्या सकाळपर्यंत वाळेल की नाही हे विचारायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात मुलांनी आपल्यापेक्षा अधिक शहाणपण दाखवले आहे, हे आज मला सांगायचे आहे.

मोठ्या शहरांतल्या दुकानांचे वर्ष उन्हाळी माल आणि हिवाळी माल असे दोन भागांत चालते. आपल्या मुलांचे वर्ष सुरू होते ते आगोटीला, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीला. मीठ, कांदे, सुकी मासळी आणि ताडपत्री यांच्या यादीतच गणवेश, रेनकोट आणि पावसाळी चपला असतात, आणि मिरगाच्या आधी ही सगळी खरेदी उरकायची घाई असते. गणवेशाचे कापड बहुधा घाटावरून येते. इचलकरंजीचे माग आणि सोलापूरचे गणवेश शिवणारे कारखाने यांचा माल आंबा घाट उतरून आपल्या दुकानांत येतो. हे कापड बहुतांशी टेरिकॉट असते, म्हणजे साधारण दोन भाग पॉलिएस्टर आणि एक भाग सूत. सुती धागा सर्वसाधारण हवेत आपल्या वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास ओल धरून ठेवतो, पॉलिएस्टर मात्र अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून टेरिकॉटचा शर्ट लवकर वाळतो, चुरगळत नाही आणि दोन वर्षे टिकतो. त्याच कारणाने तो घाम टिपत नाही, आणि ऑक्टोबरात दुपारच्या तासाला चाळीस मुलांचा वर्ग अंगाला चिकटलेल्या शर्टात बसलेला असतो. पालकांना परवडणारे कापड तेच आहे, हे मला मान्य आहे. मात्र टेरिकॉटमध्येही सुताचे प्रमाण वाढवून घेता येते, विणकाम विरळ निवडता येते, आणि एवढा विचार करणाऱ्या शाळा मला फार थोड्या दिसल्या.

जुलैत हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असते आणि आठवडा आठवडा ऊन दिसत नाही. घराघरांत पडवीला, माजघराला दोऱ्या बांधलेल्या असतात, पूर्वी चुलीच्या उबेला कपडे पडत, आता गॅस आल्यापासून तीही सोय गेली, आणि पंख्याखाली रात्रभर ठेवलेला कपडा सकाळी हाताला गारच लागतो. त्याला कुबट वास येतो, कॉलरीवर काळे ठिपके उठतात. या हवेत जीन्स काय करते ते पाहा. जीन्सच्या कापडाचे वजन चौरस मीटरला साधारण 400 ग्रॅम असते, शाळेच्या शर्टाच्या कापडाच्या जवळजवळ तिप्पट. तिच्या कंबरपट्ट्यात, खिशांच्या अस्तरात आणि दुहेरी शिवणीत पाणी राहते. साधारण 2005 नंतरच्या दहा वर्षांत पायाला घट्ट बसणाऱ्या जीन्सचे पेव फुटले होते, तेव्हा ओलसर राहिलेली तीच जीन्स मुले दिवसभर घालून बसत, आणि मांड्यांना, कमरेला गजकर्ण झालेली मुले पावसाळ्यात हमखास दिसत. त्यावर औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने आणलेली स्टिरॉइडची मलमे लावली की आजार दबल्यासारखा वाटतो आणि पुढे चिवट होतो. त्वचारोगतज्ज्ञ हे सांगून थकले आहेत.

अलीकडच्या चार-पाच वर्षांत मुलांनी सैल कपडे उचलले. खांद्यावरून उतरलेला ओव्हरसाइज टी-शर्ट, रुंद पायाची कार्गो, आणि नायलॉनसारख्या पातळ कापडाची, घोट्याला नाडी असलेली पॅराशूट पँट. ही लाट फोनवरच्या रील्समधून आली यात शंका नाही. लाट आली तरी किनाऱ्यावर काय राहते ते इथली हवा ठरवते. पॅराशूट पँट संध्याकाळी धुतली तर सकाळी घालता येते, चिखल उडाला तर हाताने झटकता येतो, एसटीच्या पायरीवर चढताना गुडघ्याला अडत नाही. सैल टी-शर्टात वारा खेळतो. ज्या कपड्याला आपण गबाळा म्हणतो, तो या हवेला त्या घट्ट जीन्सपेक्षा कितीतरी मानवतो. पायांचेही तेच झाले. काळे बूट आणि ओले मोजे यांनी पायांना चिखल्या होत, त्या जागी आता भोके असलेल्या रबरी क्लॉग्जची स्वस्त नक्कल मुले वापरतात, आणि पावसाळ्यापुरते बूट माफ करणाऱ्या शाळांनी याला मान तुकवली, ते योग्यच झाले.

रेनकोटाबद्दल थोडे सविस्तर बोलते. भातलावणीला इरले आणि घोंगडी वापरणाऱ्या आजीच्या घरातला नववीतला मुलगा रेनकोट घ्यायला नकार देतो आणि भिजत शाळेत येतो, म्हणून आई वैतागते. आठवीपर्यंत निमूट रेनकोट घालणारी मुले पुढे तो टाळतात, कारण आत घामाने भिजायचे आणि बाहेर पावसाने, शिवाय वर्गात तो वाळत टाकायला जागा नसते. मुलींच्या बाबतीत प्रश्न याहून गंभीर आहे. कित्येक माध्यमिक शाळांत मुलींच्या गणवेशात पांढरी सलवार आणि पांढरी ओढणी अजूनही आहे. बांधावरून, लाल मातीच्या रस्त्यावरून दोन-तीन किलोमीटर चालत येणाऱ्या मुलीची पांढरी सलवार जुलैत गुडघ्यापर्यंत तांबडी होते, भिजली की आरपार दिसते, आणि पाळीच्या दिवसांत ती मुलगी जागेवरून उठायला धजत नाही. मग ती कुर्त्यावर गडद रंगाचे विंडचीटर चढवते आणि वर्गातही काढत नाही. आपण त्याला फॅशन म्हणतो, बेशिस्त म्हणतो, प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांदेखत काढायला लावतो. हे मला मनापासून चुकीचे वाटते. ज्यांनी पांढरा रंग निवडला त्यांना या पावसात तो कधी घालावा लागला नाही.

गणपतीला सगळेच चित्र पालटते. इथे शाळांनाही सुट्टी असते आणि मुंबईहून चाकरमानी येतात. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्णपणे सुरू झाली, त्याआधी एसटीने आणि नंतर रेल्वेने, मुंबईची फॅशन आपल्याकडे चुलत-मावस भावंडांच्या बॅगांतून आली. जाताना ती भावंडे आपले वापरलेले कपडे गावाला ठेवून जात. गावच्या मुलाची पहिली जीन्स अशी असे, कमरेला सैल, खाली दुमडलेली, पण दादरच्या दुकानातली. त्यात आनंद होता, आणि थोडा सलही होता, कारण मुंबईत जे मागे पडले ते इथे नवे ठरे. आता पार्सल वाडीपर्यंत येते, त्यामुळे आरतीला शेजारी उभ्या राहिलेल्या दोन भावंडांपैकी गावचा कोण आणि मुंबईचा कोण हे कपड्यांवरून ओळखता येत नाही, आणि माझ्या दृष्टीने गेल्या दहा वर्षांत या मुलांच्या आयुष्यात झालेला हा फार मोलाचा बदल आहे. सण म्हटला की कुर्ता येतोच. एका रंगाचे कुर्ते घातलेले वाडीतले मुलगे भजनाला बसतात, मुली गौरीपुढे फुगडी घालताना साडीखाली लेगिंग घालतात आणि बिनधास्त घुमतात.

नवरात्रातले नऊ रंग ही प्रथा जुनी नाही, या शतकाच्या पहिल्या दशकात एका मराठी दैनिकाने ती लोकप्रिय केली. मुली हौसेने ती पाळतात, पण ज्या घरात नऊ रंगांचे कपडे नाहीत त्या घरातली मुलगी त्या दिवसांत काय करते याकडे शिक्षिकांनी लक्ष द्यावे, एवढेच म्हणते.

दिवाळीनंतर हूडी येते. रत्नागिरीत जानेवारीतही पारा सहसा 15 अंशांच्या खाली जात नाही, दापोलीकडे थोडी अधिक थंडी असते, तरी चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाच्या, आतून लोकरीसारखी मऊ लव असलेल्या कापडाची ती हूडी घालून मुले दुपारी बाराला एसटी स्टँडवर उभी असतात. हा एकच कपडा असा आहे की ज्याला इथल्या हवेत काही आधार नाही, म्हणून मी त्याचा विचार बराच केला. एकदा स्टँडवर एक मुलगी पाहिली. तिचे हात बाह्यांच्या आत होते, बाह्यांची टोके तिने मुठीत धरली होती आणि टोपी भुवयांपर्यंत ओढली होती. मैत्रीण आली तशी तिने टोपी मागे टाकली, गाडीत चढताना परत ओढली. या वयात अंग रोज बदलते, आवाज बदलतो, चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात, आणि लोकांची नजर आपल्यावरच आहे असे वाटत राहते. आपल्या घरांत बंद करता येईल असे दार फार थोड्या मुलांच्या वाट्याला येते. हूडी तेवढा आडोसा देते. तेव्हा उकडत नाही का, असे विचारू नये. पातळ सुती कापडाची हूडी मिळते, ती आणून द्यावी.

डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलने होतात, पुढे जत्रा आणि शिमगा येतो, पालखीला पांढरे झब्बे निघतात, आणि याच दिवसांत दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. दहावीच्या निरोप समारंभाला मुली साडी नेसतात. ती आईच्या कपाटातली असते आणि ब्लाउज आईचाच, बाजूंनी टाचलेला. एका शिंप्याकडे मी हे काम पाहिले. त्यांनी ब्लाउज कापला नाही, आत लांब टाक्यांची टीप मारली आणि माया, म्हणजे शिवणीच्या आतले जादा कापड, तशीच ठेवली, म्हणजे दुसऱ्या दिवशी टीप उसवली की आईला परत घालता येईल. तयार कपड्यांमुळे शिंप्यांकडे आता अल्टरचेच काम उरले आहे, पण कपड्यात माया किती सोडली आहे हे पाहायला ते मुलांना शिकवू शकतात. शाळेने त्यांना एखाद्या तासाला जरूर बोलवावे.

आता समोर बसलेल्या शाळा व्यवस्थापन समित्यांच्या सदस्यांना एक विनंती. आठवीपर्यंतच्या सरकारी शाळांसाठी 2024-25 मध्ये राज्यभर एकच गणवेश ठरवला गेला होता, त्यानंतर तो अधिकार पुन्हा तुमच्याकडे आला आहे. आपण कापड निवडतो एप्रिल-मे महिन्यात, कडक उन्हात, दुकानाच्या गादीवर बसून, आणि त्या दिवशी कोणतेही कापड चांगलेच वाटते. ही निवड भर पावसात करा. तीन-चार प्रकारच्या कापडांचे हातभर तुकडे घ्या, ते भिजवून पिळा आणि जुलैतल्या पावसात शाळेच्या व्हरांड्यात संध्याकाळी दोरीवर टाका. सकाळी आठवी ते दहावीच्या मुलामुलींना ते हाताळू द्या, मानेला लावून पाहू द्या, आणि कोणता तुकडा घ्यायचा, सलवारीला कोणता रंग हवा, हे त्यांना कागदावर लिहून द्यायला सांगा. पुढच्या वर्षीच्या खरेदीचा ठराव त्या कागदांवरून करा.