धंदा नेमका कधी सुरू झाला? मैद्याच्या बिलावरची तारीख बघा

नमस्कार मंडळी. माझ्या हातातलं हे बिल बघा. मैद्याच्या दोन गोण्या, तारीख 18 जुलै. आजचा विषय या तारखेचाच आहे.

असं धरू की सांगलीत एका ताईंनी स्वतःच्या नावावर बेकरी टाकली. गाळ्याचं भाडं जूनपासून सुरू झालं. 18 जुलैला भट्टी जोडून झाली, परवाना आला, मैदा आला, दोन कारागीर कामाला लागले. चाचणीची खारीही भाजून झाली. उद्घाटन मात्र 15 ऑगस्टला. मग मधल्या चार आठवड्यांचा पगार, भाडं, वीजबिल यांचं आयकराच्या हिशेबात काय? बहुतेक जण म्हणतात, विक्रीच नव्हती, तो खर्च गेला.

नाही हो, गेला नाही! धंदा उभा राहणं वेगळं आणि पहिलं गिऱ्हाईक येणं वेगळं. 1954 साली छापून आलेल्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती छागला यांनी हा फरक स्पष्ट केला. खटला होता वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सचा, म्हणजे आपल्या अमळनेरची कंपनी, आजची विप्रो. धंदा चालवायला सज्ज झाला की त्या दिवसापासूनचा चालू खर्च नफ्यातून वजा करता येतो. त्यामुळे ताईंचा 18 जुलैनंतरचा पगार आणि भाडं धरलं जातं.

त्याआधीचं, जूनचं भाडं मात्र सहसा वजा होत नाही. ऐकायला कडू आहे, पण आधी माहीत असलेलं बरं. म्हणून मी सांगते, गाळा घेण्याआधी परवान्याचा अर्ज करा आणि भट्टीची ऑर्डर द्या. रिकाम्या गाळ्याचे दिवस जितके कमी, तितकं नुकसान कमी.

भट्टीची किंमत एकदम खर्चात जात नाही. तिच्यावर दरवर्षी 15 टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटीची वजावट, मिळतो. पहिल्या वर्षी 180 दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्माच. भट्टी बसवायची मजुरी तिच्या किमतीतच मिळवा. आणि पैसे बँकेतूनच द्या! एका दिवसात एकाच माणसाला 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर ती रक्कम किमतीत धरत नाहीत. गाळ्याचं डिपॉझिट परत मिळणारं असतं, म्हणून तो खर्चच नव्हे.

प्रकल्प अहवाल, बाजारपाहणी, करारनाम्याची वकिली फी हे प्राथमिक खर्च पाच वर्षांत समान हप्त्यांनी वजा होतात. जुन्या कायद्यात हे कलम 35डी होतं. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला, त्यात कलमाचा आकडा वेगळा आहे. मर्यादा प्रकल्पाच्या खर्चाच्या 5 टक्के. भट्टी, मिक्सर, फर्निचर मिळून 12 लाख असतील, तर 60,000 पर्यंत. अहवालाला 40,000 लागले असतील, तर वर्षाला 8,000 वजा. त्यासाठी एकल मालकाला हिशेबाचं ऑडिट करून घ्यावं लागतं, म्हणून आधी सीएंना विचारा, फीपेक्षा फायदा जास्त आहे का.

आणि उलाढालीच्या 6 किंवा 8 टक्के नफा धरून कर भरायची सोपी योजना घेतलीत, तर यातलं काहीच वेगळं वजा होत नाही. तिथे सगळा खर्च आधीच धरलेला असतो.

आता पुन्हा हे बिल. कागद थर्मल आहे, काही महिन्यांत अक्षरं पुसट होतात. आजच झेरॉक्स काढा. 18 जुलैला धंदा सज्ज होता हे दाखवायला तिच्यासोबत परवान्याची प्रत, भट्टी जोडल्याची पावती, कारागिरांची हजेरी आणि त्या दिवसाचं मीटर रीडिंग एकाच फाइलला लावा.